पुण्यातल्या शेवया

बुऱ्हाणपूरच्या स्टँडवरून बहादरपूरची बस सुटायची होती. ज्योत्स्नाबाईंच्या मागच्या सीटवर पुण्याहून लेकीला भेटून आलेलं एक जोडपं बोलत होतं. बाईंना ऐकायचं नव्हतं, पण कानांना कुठे पापण्या असतात!

“प्राजूचा फोन येईल आता. काय सांगू?”

“सांग, बुऱ्हाणपूरला पोचलो.”

“ती त्या पोराचं विचारील ना, पसंत पडला का म्हणून!”

“कमल, आपली पोर इंजिनियर अन् तो हॉटेलात सैपाक करतो.”

“जपानी हॉटेल आहे ते. रामेन बनवतो तो.”

“शेवयाच त्या, रश्श्यातल्या.”

“मग वाडगा तोंडाला लावून कोण पीत होतं?”

“भूक लागेल होती.”

“दुसरा वाडगा मागितला, तोही भुकेनं?”

“तिखट एकदम बराबर होतं. माझ्यासाठी वेगळं टाकलं म्हणे त्यानं.”

“अन् प्राजूनं घास नाही घेतला. सारा टाइम तुमचं तोंड पाहत होती.”

मग फोन वाजला.

“आता काय सांगू, अहो?”

“दे इकडं. हां, प्राजू! पोचलो, बेटा. दिवाळीला त्याला घेऊन ये. अन् सांगून ठेव त्याला, आपल्यात जावयाला चुलीपाशी जाऊ देत नाहीत.”