नवाईचं कोंबडं

आमचं मूळ बिडकीनकडचं, पण मी वाढले वैजापूरला, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं. वडील मोंढ्यात हमाल, आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसायची. पत्र्याची एक खोली, तीत आम्ही चार भावंडं, अन् उन्हाळ्यात ते पत्रे असे तापायचे की आई दुपारची आम्हाला घेऊन कांद्याच्या ढिगाच्या सावलीला बसायची, काय सांगू तुम्हाला, आमच्या दप्तराला सुदिक कांद्याचा वास. मास्तर वर्गात आले की म्हणायचे, आली का मोंढ्याची मंडळी. पण वडिलांचं एकच, पाठीवर पोतं मी घेतो, तुम्ही फकस्त पुस्तक घ्या. मी घेतलं. आमच्या सगळ्या भावकीत पहिली बी.कॉम. मी, बाईमाणसांतच नाय, बाप्यांतसुद्धा पहिली, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगते.

मग औरंगाबादला आले, म्हणजे आताचं संभाजीनगर, तेव्हा औरंगाबादच होतं. विद्यापीठात संशोधन प्रकल्पाच्या विभागात लागले, समन्वयक म्हणून, कंत्राटावर. लोक विचारतात समन्वयक म्हणजे काय गं, तर ऐका, प्रोफेसर लोक डोंगरात आदिवासी वस्तीवर जाणार, तर त्यांच्या दौऱ्याची मंजुरी काढा, जीप काढा, तहसीलला कळवा, वस्तीला कळवा, आल्यावर बिलं लावा, आणि दोन्हीकडचे रुसले तर दोन्हीकडची समजूत काढा. ते शेवटलं काम नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं नसतं, पण खरं काम तेच.

तर त्या वर्षी प्रकल्प होता रानभाज्यांचा. कन्नडच्या पुढं घाटाच्या अंगाला भिल्लांची वस्ती आहे, तिथल्या बायांना रानातली पानन् पान माहीत, ते सगळं त्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं. प्रकल्पाचे प्रमुख प्रोफेसर म्हणजे आमचे सर, त्यांनी तारीख ठरवली परीक्षांचं वेळापत्रक बघून. गेलो आम्ही आषाढात, जीप भरून. वस्तीत सगळ्यांत मोठी रुमलीआजी, तिनं हसून बसायला बाज टाकली, कोरा चहा केला. आणि आमच्यात गौरी होती, सरांची संशोधक विद्यार्थिनी, औरंगपुऱ्यात वाढलेली, गुणाची पोरगी, तिला बांधावर कोवळा तरोटा, म्हणजे टाकळा दिसला. झालं, उठली आन् चार डहाळ्या तोडून कागदात दाबायला घेतल्या, नमुना म्हणून. रुमलीआजीनं बघितलं, कप खाली ठेवला, घरात गेली. तिच्या मागं दुसरी गेली, तिसरी गेली, बघता बघता अंगणात आम्ही आणि कोंबड्या एवढेच उरलो. कुणी रागानं बोललं नाय, काय नाय, पण दार काय परत उघडलं नाय.

सर म्हणले, त्यांचा आज मूड नसंल. अहो मूड कशाचा! पुढं निरोप पाठवला तर उत्तर आलं, यायचं काम नाय. आता दिवाळीपर्यंत काय हाती लागलं नाय तर प्रकल्प बंद होणार होता, प्रकल्प बंद म्हणजे गौरीची फेलोशिप बंद, माझं कंत्राट बंद. गौरी तर रडूनच बसली. मी म्हणलं, रडू नको, मी जाऊन येते.

यष्टीनं कन्नड, तिथून काळीपिवळी, पुढं पायी. रुमलीआजी ओट्यावर सुपानं धान्य पाखडत होती. मी म्हणलं, आजी, आमचं चुकलं एवढं कळलंय, काय चुकलं ते कळंना. ती म्हणे, तुमच्या घरी देवाला निवद दाखवायच्या आधी पोरगं ताटात हात घालतं, तवा काय करतीस? म्हणलं, चापट मारते. म्हणे, मग आम्ही तर चापट बी नाय मारली, नुसतं घरात गेलो! आणि अशी खुदकन हसली की मलाच हसू आवरंना.

मग तिनं उलगडून सांगितलं. त्यांच्यात नवाई असते. नवा पाला कितीबी कोवळा दिसू द्या, डोंगरावरच्या देवाला शिजवून दाखवल्याबिगर कुणी तोडत नाय, खात नाय, त्याच्याबद्दल परक्यापाशी बोलत सुदिक नाय. मी म्हणलं, मग आता यातून वाट? म्हणे, वाट सोपी हाय, नवाईला तुमी समदे या, विद्यापीठाचा म्हणून एक नारळ आन् एक कोंबडं आणा, आणि जिनं आधी तोडलं तिच्याच डोक्यावर नव्या पाल्याची पहिली पाटी. मग इचारा काय इचारायचं ते. म्हणलं, आजी, तारीख? म्हणे, पान तयार होईल तवा. म्हणलं, आमच्या हापिसाला आधी तारीख लागती. म्हणे, मग तुमच्या हापिसाला सांग पान तयार कर!

आता आली का पंचाईत! आमच्या लेखा विभागात जोशीसाहेब, पिढ्यान् पिढ्या कारकुनीचं घराणं, शुद्ध शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. त्यांच्यापुढं मी उभी, मागणी काय, तर बिनतारखेचा दौरा आणि एक कोंबडं. ते चष्म्यावरून माझ्याकडं बघतच राहिले. म्हणे, बाई, कोंबड्याची तीन कोटेशनं लागतील. मी म्हणलं, आणते की, खाटकाला काय, लेटरहेड नसंल एवढंच. शेजारून शिपाई म्हणाला, साहेब, हे डेड स्टॉकला लावायचं का? सगळं हापिस हसाय लागलं. पण मी नाय हसले. मी म्हणलं, साहेब, आपलाच नियम आहे ना, लोकांची संमती घेतल्याबिगर संशोधन करायचं नाय? मग आपण कागदावर सही घेतो ती आपल्या रीतीची संमती, आणि ही त्यांच्या रीतीची. कागदाचा खर्च चालतो, तर कोंबड्याचा का नाय चालत?

जोशीसाहेबांनी पेन काढलं, म्हणे, मुद्दा बरोबर आहे, आणि लिहिलं, सामूहिक संमतीसाठीचे साहित्य. दौऱ्याला तारखेऐवजी लिहिलं, श्रावणअखेरपर्यंत वस्ती कळवेल त्या दिवशी. वर म्हणे, मीही येतो, खर्च झाला का नाही ते डोळ्यानं बघायला पाहिजे ना!

निरोप आला श्रावणात, उद्या नवाई. कोंबडं मी लगोलग आणून टेबलाच्या पायाला बांधलं, तर शेजारच्या दालनात कुलगुरूंची बैठक चालू आणि हे महाराज भरदुपारी आरवायला लागले! कुलगुरूंनी विचारलं, कोण आहे? शिपाई म्हणाला, साहेब, रानभाजी प्रकल्प.

नवाईला गौरीच्या डोक्यावर पाटी दिली, पोरगी अशी ताठ चालली, आणि बाया गाणं म्हणता म्हणता तिला चिडवत होत्या, हिला आता परत धाडू नका, इथंच नवरा बघू. कोंबड्याची वेळ आली तसे जोशीसाहेब डोंगर बघायला म्हणून तोंड फिरवून उभे राहिले, पण तरोट्याच्या भाजीसंगं भाकरी त्यांनी अशी हाणली की रुमलीआजी म्हणे, या बामणाला आणखी वाढा गं, हापिसात उपाशी ठेवतात वाटतं. आणि मग बाया जे बोलायला लागल्या, कुठलं पान कधी, कुठलं बाळंतिणीला, कुठलं दोनदा उकळल्याबिगर खायचं नाय, आवाज टिपायच्या यंत्राची बॅटरी संपली तरी बोलणं संपंना. सर हातानं लिहीत सुटले.

आता मी कायम झालीय, त्या विभागाची सगळी जबाबदारी माझ्याकडं. गौरी डॉक्टर झाली, दुसऱ्या गावी शिकवती. रुमलीआजी आता थकली, पण मी गेले की तोंडावरून हात फिरवून म्हणती, सुखी राहा पोरी. रानभाज्यांचं पुस्तक निघालं, त्याच्यावर लेखक म्हणून रुमलीआजीचं आणि वस्तीतल्या बायांचं नाव आहे, सरांचं नाव त्यांच्या खाली आहे. आणि आज आमच्या विद्यापीठातनं कुठल्याबी वस्तीवर दौरा निघतो, तो वस्तीनं दिलेल्या दिवशी निघतो.