ढिलं ठेवलेलं टॅपेट

आमचं गाव जांब समर्थकडं, घराणं मेंढरं राखणारं, शाळा दुसरीपोतर, मंग ऐंशी सालाच्या पुढं नवीन जालन्यात एका फटफटीच्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने पुसत पुसत शिकलो अन घनसावंगीला रोडाच्या कडंला दुकान टाकलं.

फटफटीत सगळा खेळ वालाचा बघा. वाल म्हंजे इंजिनचं दार, आत पेट्रोलची हवा घ्यायची, बाहीर धूर सोडायचा. आधीच्या धूर काढणाऱ्या गाड्यांना ते दारच न्हाई, सिलिंडरला भोकं, पिस्टनच वर-खाली होताना झाकतो-उघडतो, काम सोपं पण तेल लई जाळायच्या. दुसरी ती जड गाडी, तिच्यात क्याम, म्हंजे वालाला हलवणारा फिरता दांडा, खाली अन वाल वर, मधी लांब दांड्या, दांडी ढकलती तव्हा वाल उघडतो, म्हणून टकटक आवाज. तसली एक माझ्याकडं होती. कौसा, आमची मंडळी, गाडी कॅनॉलच्या वळणावर आली की घरातून ओळखायची अन तवा चुलीवर टाकायची. दुसऱ्या कितीबी गाड्या जाऊ द्या, तिला माझी बराबर कळायची.

मंग नव्या गाड्या आल्या. क्याम वर इंजिनच्या डोक्यात, हेडातच, साखळीवर फिरतो, दांड्या बिलकुल न्हाईत, पेट्रोल कमी पेती अन बोलतच न्हाई. घेतली मी. पहिल्याच दिवशी दारात आलो तर कौसा दचकली. म्हणली, आवं, चोरावानी काय आलात, तवा थंड हाय, खा आता सकाळची. मी हसलो, ती न्हाई हसली.

दुसऱ्या दिवशी टॅपेट जरासं ढिलं केलं. टॅपेट म्हंजे वाल अन त्याला दाबणाऱ्या तुकड्यातली फट. लई आवळलं तर वाल जळतो, जरा ढिलं असलं तर नुसता वाजतो. काय सांगू तुम्हाला, गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री, तुमचीच गाडी वाजून राह्यली की! म्हणायचो, वाजू द्या, तिकडं माझी भाकर भाजून राह्यली.

मागच्या उन्हाळ्यात कौसा गेली. पोरगं म्हणलं, बाबा, आता तरी टॅपेटची फट बराबर करून टाकू. म्हणलं, हात लावू नको, मी करतो. पाना घेतला, झाकण खोललं, फट बोटानं हलवून पाह्यली, अन झाकण तसंच लावलं. न्हाई झालं माझ्यानं.

आता वळणावर आलो की इंजिन बंद करतो अन गाडी ढकलत घरी नेतो. आवाज घरापोतर जावा अन तवा चुलीवर पडू नये, हे न्हाई सोसत. तुमच्या घरी कुणी हाय ना? मंग गाडी मुकी असली तर हॉर्न वाजवत जा. सुखी ऱ्हा.