सारवलेलं अंगण

मंडणगडच्या एस.टी. स्टँडवर शिर्के मास्तर रांगेत उभे होते. पुढे एक हवालदार, आणि त्याला गाठून उभी एक म्हातारी. मास्तरांनी पेपर उघडला, पण वाचलं काहीच नाही.

"हवालदारसाहेब, रत्नागिरीसनं आनलेला तुमचा कुत्रा नुसताच बसला वो अंगनात!"

"मग काय करील, आजी? चोराच्या वासावर माग काढतो तो. तुम्ही घर-अंगण शेणानं सारवून ठेवलंत. कशाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं ना?"

"हात कुटं लावला? जिल्ह्याचे सायब येनार, त्यांना काय पावलं उटलेल्या अंगनात बसवायचं?"

"आता तुमची पुतळ्यांची माळ शोधायची कशी?"

"शोधाल वो तुमी. पन एक बरं झालं या चोरीनं."

"चोरीनं?"

"सासूनं माळ मला दिली, तवापासून माजी जाव बोलत नव्हती. दारात पाय ठेवत नव्हती. कुत्रा येनार कळलं नि भल्या पहाटे आपनहून आली, शेनाची पाटी घेऊन. म्हनली, तू बस, मी सारवते. अडीनडीला शेवटी आपलीच मानसं!"

"...मागचं दारही त्यांनीच सारवलं?"

"कोपरा न् कोपरा."

गाडी लागली. रांग पुढे सरकली. हवालदार मात्र रांगेतून बाजूला झाला.

"सायब, तुमची गाडी!"

"जाऊ दे. चला आजी, तुमच्याकडे चहा घेऊ."

"चला की! जावंलाच सांगते चाय टाकायला."