बुदे, जरा हला की!

...आणि वर मलाच विचारतात, "प्रानोतो, तुझ्या पिक्चरमध्ये सगळे पुतळ्यासारखे का उभे?" का उभे? अहो, मी काय त्यांना खिळे ठोकले होते? तुम्हाला सांगतो, घसा बसला माझा ओरडून ओरडून... हला! हला हो कुणीतरी!

त्याचं असं आहे, इकडे क्लातेन गावात आपला धंदा लग्नाच्या फोटोंचा. पंधरा वर्षं नवरा-नवरींना "हलू नका" म्हणण्यात गेली. मग कुणीतरी सांगितलं, अरे, याच कॅमेऱ्याचं हे चाक असं फिरवलं की पिक्चर निघतो, थेटरात लावण्यासारखा! झालं! जिल्ह्याची लघुपट स्पर्धा तोंडावर, आणि माझ्या डोक्यात शिरलं की मरण्याआधी एकदा तरी पडद्यावर आपलं नाव लागलंच पाहिजे. गोष्ट साधी. मुलगा पोटासाठी जाकार्ताला निघतो, आई केळीच्या पानातला भात घेऊन बसमागे धावते, बस थांबत नाही. संपलं! आईच्या कामाला आमच्या बुदे कार्सिना. बुदे म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, पण तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकत दिवसभर गावात तुरुतुरु. म्हटलं, ह्यांना धावायला काय शिकवायचं?

कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, बुदेंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, हात मांडीवर, मान ताठ, आणि जी समाधी लागली...

"बुदे, जरा हला की!"

"हलले तर फोटो पुसट येईल."

"फोटो नाही हो, पिक्चर आहे!"

"मला शिकवतोस? हाच कॅमेरा घेऊन शेजारच्या सुलास्त्रीच्या लग्नात तू आम्हाला श्वास घेऊ दिला नव्हतास!"

आता बोला! बरं, मागचा रस्ता तरी हलावा? कसला! आमचं गाव नको तितकं सभ्य. फोटोच्या मधून जायचं म्हणजे पाप! मोटरसायकलवाला थांबला, बदकंवाला थांबला, बदकंसुद्धा थांबली... आणि सगळे कमरेत वाकून, "चालू द्या, आमची काही घाई नाही." मी कोकलतोय, मधून जा हो, हला! तर आमच्या गल्लीप्रमुखांच्या सौ., बू हार्तिनी, म्हणजे हार्तिनीबाई, म्हणतात कशा, "छे छे, तुमचं उरकू दे, मग आमचा काढ... आधी एक सरळ, मग एक तोंडं वेडीवाकडी करून!"

आणि कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळीच. मूळचा फोटोचाच जीव तो. बारा मिनिटं झाली की तापतो आणि न सांगता बंद! मग मी त्याला पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं. माणसं हलत नाहीत, यंत्र चालत नाही, आणि दिग्दर्शक मात्र घामाघूम!

शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी पिक्चर पाठवायचा. बस सुटली. "बुदे, धावा!" आणि बुदे धावल्या हो! चपला एका हातात, भाताचं पुडकं दुसऱ्या हातात, अशा धावल्या की माझ्या अंगावर काटा आला... तेवढ्यात ड्रायव्हरने आरशात कॅमेरा पाहिला. करकचून ब्रेक! म्हणतो, "म्हटलं, फोटो बिघडायला नको." खिडकीखिडकीतून डोकी बाहेर, दोन दोन बोटं वर, आणि बुदे बसगाडीला टेकून, पुडकं छातीशी धरून... हसतायत!

माझं डोकंच फिरलं. "बुदे, सत्यानाश केलात माझा! असं काय अडलंय तुमचं एका फोटोवाचून?"

तर त्या हळूच म्हणाल्या, "बाळा, आमच्या ह्यांच्या चाळिसाव्याची पुस्तिका आठवते?" माणूस गेला की आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी पठणाची छोटी पुस्तिका वाटतात, मुखपृष्ठावर त्याचा फोटो. "ह्यांचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा. कपाळावर अर्धा शिक्का. तसेच घरोघरी गेले रे बिचारे. माझा तरी नीट असू दे."

रडू आलं, रागही आला, दोन्ही एकदम. तसाच कॅमेरा धरून उभा राहिलो. त्या बघत राहिल्या, मी बघत राहिलो, बारा मिनिटं झाली, कॅमेरा आपला आपण मिटला.

"निघाला?"

"निघाला, बुदे."

तेच पाठवलं. दुसरं होतं काय? परीक्षकांची चिठ्ठी आली: "फोटो उत्तम. सोबत चित्रपट जोडायचा राहिलेला दिसतो."

पण गाव ऐकतंय थोडंच! बॅडमिंटनच्या मैदानात चादर बांधली, पिक्चर लावायलाच लावला. चादरीवर बुदे दिसल्या. मग बू हार्तिनी किंचाळल्या, "थांबव! तिथेच थांबव!" अहो, थांबवू काय, थांबलेलंच आहे ते! "मला अस्साच हवा, माझ्या पुस्तिकेला!" झालं! दुसऱ्या सकाळी दारात रांग. गावातले झाडून सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, इस्त्रीचे कपडे, केसांना तेल, आणि कुणी, कुणी म्हणून हलत नाही!

तर आता माझं नाव लागणार, बरं का. पुस्तिकेच्या मागच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत... "छायाचित्र: प्रानोतो." पण ती छापायची म्हणजे आधी कुणीतरी जायला नको? बुदे रोज तो फोटो हातात घेऊन बघतात आणि म्हणतात, "इतकी चांगली दिसतेय, आत्ताच कशाला जाऊ?" आणि बाकीचेही तेच म्हणतात! बेचाळीस फोटो चौकटीत तयार आहेत, तुम्हाला सांगतो... आणि एक माणूस जागचा हलायला तयार नाही!