फसलेल्याला मैसूरपाक

हसू नका, पण आमच्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात फसणाऱ्याला बक्षीस मिळतं. आमच्या अ‍ॅपच्या लॉगिनची सगळी सुरक्षा मी लिहिलेली, पण शाबासकी कायम शेजारच्या कार्तिकला.

पोंगलच्या आधी सगळ्यांना मेल आला. कंपनीकडून मिठाईचा डबा, हवा असेल तर इथे लॉगिन करा. खोटा मेल, मी एका नजरेत ओळखला. गुपचूप डिलीट केला आणि कार्तिककडे बघत बसलो. म्हटलं, आज बघूच.

त्यानं क्लिक केलं! पासवर्डसुद्धा भरला! मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात हा पठ्ठ्या उभा राहून ओरडला, "अय्यो, मी फसलो! तो मिठाईचा मेल कुणी उघडू नका!" लगेच सिक्युरिटी टीमला फोन केला, पासवर्ड बदलला. अख्खा मजला सावध.

संध्याकाळी कळलं, मेल सिक्युरिटी टीमनंच पाठवला होता, आमची परीक्षा घ्यायला. आमच्या मॅनेजर विजया मॅडमनी सगळ्यांसमोर कार्तिकचं कौतुक केलं. मला राहवेना.

"मॅडम, मी तर फसलोच नाही. मला आधीच कळलं होतं."

"हो? मग कुणाला सांगितलंस?"

शनिवारी मला ट्रेनिंगला बसवलं. तेही सोसलं असतं हो, पण शिकवायला कोण? कार्तिक! बक्षीस मिळालेला मैसूरपाकाचा डबा माझ्यापुढे धरून म्हणतो, "घे, बिनधास्त उघड. हा खरा आहे."