ज्ञानदाताईंच्या टेबलावरचा फोन

या सभेचे आणि आपल्या रुग्णालयाचे अध्यक्ष माननीय नानासो, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, डॉक्टर, परिचारिका भगिनी, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत त्या संगणक विभागाच्या ज्ञानदाताई, आणि या रुग्णालयाची पायरी चढून चढून एकमेकांच्या ओळखीच्या झालेल्या बंधू-भगिनींनो,

मी अण्णाप्पा चौगुले, निवृत्त शिक्षक. रुग्णांच्या वतीने दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. गोड बोला, असंही सांगण्यात आलं. प्रयत्न करतो.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय की ताई घरगुती कारणाने नोकरी सोडताहेत. व्हरांड्यात मात्र लोक म्हणतात, गुरुजींच्या बायकोचे पाय या बाईमुळे गेले. मग काय घडलं ते त्या घरच्या माणसानेच सांगितलेलं बरं, नाही का?

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, माझी पत्नी गुणमाला इथे पाठीच्या दुखण्याने दाखल होती. ऑपरेशन करायचं की नाही, हे पुण्याचे मोठे डॉक्टर सांगणार होते. त्यासाठी मिरजेहून पुण्याला जायची आता गरज नव्हती. ताई कॉम्प्युटरवर पेशंटची माहिती लिहायच्या आणि मणक्याचे फोटो सोबत जोडायच्या. अॅटॅचमेंट म्हणतात त्याला. आमचे दोन फोटो होते, मानेकडचा एक आणि कमरेकडचा एक.

आता या यंत्राची खोड अशी, की मध्येच लाइन तुटली तर मजकूर पोहोचतो, फोटो मागे राहतो, आणि पडद्यावर मात्र ‘पोहोचले’ असंच दिसतं. म्हणून ताई दर वेळी पुण्याला फोन लावून विचारायच्या, “किती फोटो उघडले?” सगळे हसायचे. नानासो, आपण तो फोन त्यांच्या टेबलावरून उचलून नेलात. यंत्र सांगतंय ना पोहोचलं, मग माणसाला कशाला विचारायचं, असं आपलं म्हणणं होतं.

त्या दिवशी ताईंनी फोन मागितला, मिळाला नाही. बाहेरच्या एसटीडी बूथवर जाते म्हणाल्या, तर खुर्ची सोडायची नाही, अशी ताकीद मिळाली. पुण्याहून उत्तर आलं, ऑपरेशनची गरज दिसत नाही. मी वॉर्डात पेढे वाटले. हो, पेढे! पुण्यात फक्त मानेकडचा फोटो पोहोचला होता. दुखणं कमरेकडे होतं.

महिन्याभरात गुणमालाचे पाय गेले. हे सगळं आम्हाला कुणी सांगितलं? ताईंनी. एसटीने आमच्या गावी आल्या, उंबऱ्यात बसून रडल्या. त्यांनी सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं. आणि सांगितलं म्हणूनच दोष त्यांच्या गळ्यात पडला, याचा मला राग आहे. सभ्य शब्दांत सांगायचा प्रयत्न करतोय, पण राग आहे.

गुणमाला खाली जीपमध्ये बसली आहे. हा जिना तिला चढता येत नाही. मी वर येताना म्हणाली, “आवं, पोरीला म्हणावं, तुज्यावर राग न्हाई. आन् तिच्या खुर्चीवर आता जो कोन बसंल, त्याला फोन देनार हायती का, तेवढं इचारून या.”

माझ्यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. नानासो, तिला काय सांगू?