नाव ठेवायची घाई

बहिणीच्या बाळंतपणासाठी जर्सी सिटीच्या हॉस्पिटलात बसलेल्या रुचाला शेजारून मराठी ऐकू आलं. दोन म्हातारे डॉक्टर होते. एक मॉरिशसला राहिलेले, दुसरे सिएरा लिओनला.

"आमच्याकडे घरोघरी नळ, गावोगावी दवाखाना, पोरं ठणठणीत! तुमच्याकडे, प्रल्हादराव?"

"मी होतो तेव्हा लढाई नुकतीच थांबली होती. पाणी गढूळ. जुलाबानं मुलं जायची. आमच्या गावातल्या आया वर्षभर नावच ठेवत नसत."

"का हो?"

"नाव ठेवलं की हाक मारायची सवय लागते."

"अरेरे... असो. आता अमेरिकेत नातू झालाय तुम्हाला! नाव काय ठेवलंत?"

"नर्स सकाळपासून विचारतेय. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीच ठेवा."

"मग?"

"म्हटलं, एवढी घाई कसली?"